तुमची माणसं कुठे गेली होती?

म्वानाईदीला मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किसवानी नावाच्या गावात राहते, मी मालवणच्या दक्षिणेला पाटखोलात. मधे अख्खा अरबी समुद्र आहे. तरी ज्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही अशा माणसांची नावं कुणी विचारली, तर आईबापांनंतर मी तिचंच नाव घेईन. तिनं मला एक प्रश्न विचारला होता, एवढंच. त्या प्रश्नामुळे आमच्या घरात जे रामायण घडलं ते सांगायला हवं.

आधी शेजारणीबद्दल सांगते. ती बाई नाही, संगणकी यंत्रणा आहे, आणि कागदोपत्री तिचं नाव 'सागरी अनुभव विनिमय जाल' असं लांबलचक आहे. पाटखोलच्या बायकांनी ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. "हिच्या घरातला तिच्या घरात नेवन सांगता, म्हंजे शेजारीणच ती," असं माझी आई म्हणाली आणि तेच नाव चिकटलं. पुण्याहून आलेले शास्त्रज्ञसुद्धा आता बैठकीत "शेजारीण काय म्हणते?" असंच विचारतात.

शेजारीण यायच्या आधी प्रत्येक किनारा आपापल्या जागी शहाणा होत असे. कुठे तिवरं चुकीच्या चिखलात लावली जात आणि मरत. मग दहा वर्षांनी हजार मैलांवर कुणी दुसरे तीच चूक नव्या उत्साहानं करत. प्रकल्प संपला की अहवाल कपाटात आणि माणसं घरी. शिकलेलं एकाकडून दुसऱ्याकडे पोचायचंच नाही. पोचलं तरी इथलं पाणी तिथल्या पाण्यासारखं आहे की नाही हे कोण सांगणार?

शेजारीण ते सांगते. खाडीच्या तळाशी आवाज टिपणारे मायक्रोफोन बसवलेले असतात, आम्ही त्यांना 'कान' म्हणतो. शिवाय पाण्याचा खारटपणा, गढूळपणा, चिखलाची जात, भरतीची उंची, तिवरांची वाढ, असं सगळं तिच्याकडे सतत जात असतं. त्यातून ती प्रत्येक खाडीचं एक गणिती रूप बनवते आणि जगभरच्या खाड्यांमधून तिची जुळी बहीण शोधते. दोन खाड्यांचं पाणी, चिखल आणि मासे सारखे असले, तर एकीला लागू पडलेलं औषध दुसरीलाही लागू पडायची शक्यता मोठी असते. पाटखोलची जुळी बहीण निघाली किसवानी. तिथेही हीच तिवरं, हाच काळा चिखल आणि आमच्या ढोमा माशाचाच एक भाऊबंद.

यंत्राला बदल दिसतो, पण तो का झाला हे दर वेळी दिसत नाही. म्हणून प्रत्येक खाडीला एक साक्षीदार नेमलेला असतो. काही विशेष घडलं की शेजारीण त्याला विचारते, "या दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काही झालं का?" तो बोलेल ते ती प्रमाण मानते. कुणी मागाहून गडबड करू नये म्हणून एक नियम आहे. साक्ष बदलायची झाली तर ती त्याच माणसानं, त्याच्याच आवाजात बदलावी लागते. पाटखोलचे साक्षीदार माझे वडील, विष्णू मेथर. गाव त्यांना नाना म्हणतं आणि मीही. मी, केतकी, याच प्रकल्पाची समन्वयक. त्यामुळे घरी बाप म्हणून आणि कामावर साक्षीदार म्हणून, दोन्हीकडे त्यांची बोलणी मीच खाते.

आता ढोमा. हा मासा बोलका. नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवतो आणि ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतो. संध्याकाळी शेकडो नर एकदम गुरगुरायला लागले की माद्या त्या आवाजाच्या रोखानं येतात आणि तिथेच अंडी पडतात. जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसरं कानाला लावत आणि ढोमा कुठे आहे ते ओळखत. पुढे बॅटरीवरची इंजिनं आली. धूर गेला, तेलाचा तवंग गेला, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. पण पंख्याची घरघर पाण्यात राहिली आणि होड्या मात्र दुप्पट झाल्या. पाटखोलच्या खाडीत ढोमा वर्षानुवर्षं ऐकू आला नव्हता.

नानांनी त्यावर उपाय काढला तो कपारींचा. सिमेंटचे पोकळ, भोकाभोकांचे गोळे, त्यात कालवांच्या शिंपा मिसळलेल्या. माशांना लपायला जागा मिळाली की मासा परत येईल, हा त्यांचा हिशेब. तांडेलकी सुटल्यावर घरी बसून आईच्या स्वयंपाकात खोड्या काढणारा माणूस त्या कपारींनी पुन्हा उभा केला. अंगणात साचे, हातापायांना सिमेंट आणि तोंडात अखंड कपार-पुराण. कपारी खाडीच्या मुखाशी सोडल्या आणि थोड्याच दिवसांत कानांनी ढोम्याचा आवाज टिपला. एक-दोघांचा नाही, अख्ख्या थव्याचा. पुढच्या हंगामात जाळ्यांत पोरवयाचे ढोमे इतके आले की लोकांना खरं वाटेना.

शेजारणीनं नानांना विचारलं, वेगळं काही झालं का? नाना म्हणाले, "कायव वेगळा नाय. होडये नेहमीसारखे." झालं. कारण सापडलं. 'मेथर कपार' या नावानं तो धडा शेजारणीनं आमच्यासारख्या सगळ्या खाड्यांना पाठवला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं सिमेंटात शिंपा कालवायला लागली. त्यांचे फोटो येत आणि नाना ते भिंतीवर लावत. देवाच्या तसबिरींना सरकावं लागलं तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

मी तेव्हा पुण्यात शिकत होते. परत येऊन नोकरीला लागले ती या यशाच्या उंबरठ्यावरच.

म्वानाईदी माझ्यासारखीच, किसवानीची समन्वयक. आम्ही दर आठवड्याला बोलायचो. ती स्वाहिलीत बोलते, मी मराठीत आणि मधे शेजारीण. शेजारणीचं मराठी शाळेतल्या बाईंचं आहे. म्वानाईदी तिकडे खो खो हसत काहीतरी चावट बोलली असणार हे मला चेहऱ्यावरून कळायचं आणि कानात मात्र यायचं, "आपल्या यजमानांची प्रकृती कशी आहे?" तरी आमचं मेतकूट जमलं.

पुढे एका वर्षी मात्र तिचं हसू कमी होत गेलं. किसवानीच्या बायकांनी नानांच्या मापानं कपारी केल्या होत्या. रस्ता नाही, म्हणून सिमेंट डोक्यावरून वाहिलं होतं. कपारी पाण्यात सोडून वर्ष उलटून गेलं आणि कान मुकेच. तिथल्या जिल्हा परिषदेनं ठरवलं होतं की हा हंगाम संपेपर्यंत मासा परतल्याची खूण मिळाली नाही, तर खाडी कोळंबीच्या तलावांना द्यायची. म्हणजे तिवरं तुटणार, बांध पडणार आणि किसवानीच्या बायका आपल्याच चिखलात मजुरी करणार.

"केतकी, तुमचा मूळ आवाज मला द्याल का?" तिनं एकदा विचारलं. "गाळलेला नको. कानांनी जसा टिपला तसा. यश कसं ऐकू येतं ते तरी कळू दे."

हे 'गाळलेलं' प्रकरण समजावून सांगायला हवं. कानांत सगळंच शिरतं. मासे, लाटा, इंजिनं, धुणं आपटणाऱ्या बायका. आपण घरात गप्पा मारताना शेजारच्या टीव्हीचा आवाज जसा मनातून वगळतो, तशी शेजारीण माणसांचा गोंगाट कचरा म्हणून आधीच काढून टाकते आणि उरलेला माशांचा आवाज तपासते. पुढे पाठवते तेही तेच. तो कचरा कुणी कधी ऐकतच नव्हतं. मी पुण्याच्या कार्यालयाला सांगून मूळ आवाज काढून दिला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. मी धक्क्यावर होते. तिनं नमस्कारही केला नाही.

"तुमची माणसं कुठे गेली होती?"

"म्हणजे?"

"मी भाकऱ्या करताना तो आवाज लावून ठेवते. मासा गातो, फार सुंदर गातो. पण बाकी काहीच नाही. इंजिन नाही, वल्हं नाही, कपडे धुणं नाही. पाण्यात उडी मारणारं एक मूल नाही. केतकी, आमच्याकडे ईदच्या दिवशीसुद्धा कुणीतरी पोरगं खाडीत उडी मारतंच. इथे सलग तीन दिवस कुणीच नाही. तुमच्या गावावर काही संकट आलं होतं का?"

ती काळजीनं विचारत होती. मला मात्र उत्तर माहीत होतं. पाटखोलचं शेंबडं पोर सांगेल ते उत्तर.

आमच्याकडे गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात आणि देव रवळनाथानं होकार दिला की अख्खं गाव घरं उघडी टाकून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वरकस, म्हणजे माळाच्या जमिनीत झोपड्या बांधून राहतात. गावात चूल पेटत नाही, की दिवा लागत नाही. होड्या रेतीवर ओढलेल्या असतात. कशासाठी, तर गाव देवाला तीन दिवस मोकळं करून द्यायचं. एवढंच कारण मी लहानपणापासून ऐकत आले. कपारी सोडल्यानंतरची ती शांतता गावपळणीची होती.

मी घरी आले तेव्हा नाना अंगणात साच्याला तेल लावत होते आणि आई पायरीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, फोडत बसली होती.

"नाना, ढोमो पयल्यांदा वाजलो तेवा गावपळण होती?"

"होती. मगे?"

"शेजारणीक तुमी सांगलात, होडये नेहमीसारखे."

नानांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "ता तुका आता खंयसून सुचला?"

मी म्वानाईदीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग एकदम चिडले. नाना चिडले की आवाज खाली जातो, वर नाही.

"कान बसवूक इल्ले ते सगळे शिकलेले लोक. तेंका काय सांगूचा होता? देवान सांगल्यान म्हणान आमी कोंबये-कुत्रे काखोटीक मारून रानात जावन रवलव? हसले आसते आमच्यार. तू शिकान इलंस, तुका तरी बरा वाटला असता?"

खरं सांगायचं तर नसतं वाटलं. पुण्यात मैत्रिणींना मी गावपळणीबद्दल कधी अवाक्षर बोलले नव्हते. पण म्हणून मी जगभर सिमेंट वाहायलाही लावलं नव्हतं.

"गावातल्या कोणीच कसा सांगल्यान नाय?"

"कोण सांगतलो? सगळ्यांनीच ठरवला, साहेबलोकांसमोर गावाची शोभा नको." त्यांनी साचा बाजूला ठेवला. "आनि कपारींनी मासो इलो नाय, ह्या कशावरना? दोनव गजाली एकदमच झाल्यो."

हे त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच किसवानीकडे बघायचं. तिथे कपारी आहेत, शांतता नाही आणि मासाही नाही. मी हे बोलले नाही. ते त्यांना माझ्याआधी कळलं असणार, कारण त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

"साक्ष बदलूक व्हयी, नाना. तुमच्याशिवाय दुसरो कोण बदलूक शकणा नाय."

"माझा वय बग. ह्या वयात जगभर खोटो म्हणान मिरवू?"

आईनं तिसऱ्या फोडायचं थांबवलं नाही. मान वर न करताच म्हणाली, "थंयच्या बायकांनी तुमच्या सांगण्यार डोक्यावरसून सिमेट व्हायला. तेंच्या मानांचा वय कोणी बगूचा?"

नाना उठून खाडीकडे निघून गेले. मी मागे गेले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती. साच्यांतलं सिमेंट काढून टाकायचं म्हणजे त्यांच्या आयुष्याची ही शेवटची उभारीच काढून घ्यायची, हे मला कळत होतं. आणि तिकडे किसवानीचा हंगाम संपत होता. मी स्वतः शेजारणीला सांगून पाहिलं. तिनं अदबीनं कळवलं की साक्षीदारांच्या आवाजाशिवाय नोंद बदलता येणार नाही. नियम मीच बैठकीत उचलून धरला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

म्वानाईदीला काय उत्तर द्यायचं या विचारात मी तिचा फोन टाळत राहिले. शेवटी तिनंच निरोप पाठवला, "तुझ्या वडिलांशी बोलायचं आहे. नाही म्हणू नकोस."

मी नानांपुढे फोन ठेवला. ते टोपी घालून, शर्टाची वरची गुंडी लावून खुर्चीत ताठ बसले. त्यांना वाटलं, बाई जाब विचारणार. मलाही तेच वाटलं.

पडद्यावर म्वानाईदी आली. डोक्यावर फुलाफुलांचा कपडा आणि तिच्या मागे चार-पाच बायका. तिनं दोन्ही हात जोडले. आमची पद्धत तिनं माझ्याकडून उचलली होती.

"बाबा," शेजारणीच्या शाळेतल्या मराठीत ती म्हणाली, "आम्ही आपली क्षमा मागण्यासाठी आलो आहोत."

नाना माझ्याकडे बघायला लागले.

"आपण दिलेली वस्तू चांगली होती. आपल्या खाडीत तिनं काम केलं. आमच्या हातून कुठेतरी चूक झाली. वाळू जाड असेल, शिंपा कमी पडल्या असतील. या सगळ्या जणी रोज विचार करतात की आपलं काय चुकलं. उद्या लोक म्हणतील की मेथर यांची कपार किसवानीत फसली. आमच्यामुळे आपल्या नावाला बट्टा लागू नये. एकदा सांगा बाबा, आमचं काय चुकलं?"

माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलेलं नाही आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत. पण त्यांनी टोपी काढली. टोपी घालून ते वाक्य बोलणं त्यांना जमलं नसतं.

"बाय, तुमचा काय चुकला नाय," ते म्हणाले. "चुकला माझा. मी खोटा बोल्लंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. देव, कौल, गुरं, कोंबड्या, रेतीवर ओढलेल्या होड्या. सांगताना आधी अडखळत होते, पण गावपळणीतल्या रात्रीची भजनं आणि उघड्यावरचं जेवण यांवर आले तसे रंगले. किसवानीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेजारीण थोडी मागे पडत होती, मालवणीतून स्वाहिलीत कोंबड्या नेणं सोपं नसावं.

म्वानाईदीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "देव सांगतो आणि सगळे जातात?"

"कोंबयेसुद्धा."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिनं वळून बायकांना काहीतरी सांगितलं. त्यांतल्या वयस्क बाईनं नुसती मान डोलावली आणि डोळे पुसले. म्वानाईदी पुन्हा आमच्याकडे वळली. "बाबा, उपकार झाले. आम्हांला वाटत होतं, आमच्या हातांतच काही गुण नाही."

शेजारणीनं तिच्या सपाट आवाजात विचारलं, "साक्षीदार विष्णू मेथर, आपल्याला साक्ष बदलायची आहे का?"

"होय," नाना म्हणाले. "बदलूची आसा."

त्यानंतरच्या काही दिवसांत जे झालं, त्याची पुण्याच्या कार्यालयालाही कल्पना नव्हती. एक साक्ष बदलल्यावर शेजारणीनं सगळ्या किनाऱ्यांचा फेकलेला कचरा पुन्हा उपसला. इंजिनांचा, माणसांचा आवाज माशांच्या आवाजाच्या शेजारी ठेवून पाहिला. कुठे कोळ्यांचा संप झाला होता, कुठे पूल दुरुस्तीसाठी खाडी बंद होती, कुठे नुसतीच मोठी जत्रा होती. तिथे तिथे, हंगाम असेल तर, गुरगुरणारा मासा परत बोलला होता. सगळ्याच ठिकाणी नाही, पण दुर्लक्ष करता येणार नाही इतक्या ठिकाणी. गोंगाटात नराचा आवाज मादीपर्यंत पोचत नाही, म्हणून थवाच जमत नाही. ऐन विणीच्या दिवसांत थोड्या संध्याकाळी पाणी शांत राहिलं, तर पुरे होतं.

आणि 'मेथर कपार' या नोंदीपुढे आलं, 'परिणाम सिद्ध नाही.' नानांनी ते दोनदा वाचलं. साचे मागच्या पडवीत नेऊन ठेवले. कुणाशी फारसं बोलेनात. मला वाईट वाटत होतं, पण एवढं सांगते की त्यांच्याबद्दल इतका अभिमान मला कपारींच्या वैभवाच्या काळातही वाटला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं. "पुरे झाला," म्हणाले. पण त्या दिवशी जेवले नीट.

किसवानीची अडचण वेगळीच निघाली. म्वानाईदीचा फोन आला. "तुमचा देव सांगतो. आमचा असं काही सांगत नाही. मी लोकांना सांगितलं तर म्हणतात, माशासाठी घर सोडायचं? ही बाई बिघडली."

मी काय सल्ला देणार? नाना बाजूला बसले होते. म्हणाले, "तिका इचार, तेंच्याकडे सगळो गाव कित्याक एकठय जाता?"

म्वानाईदीला उत्तर द्यायला वेळच लागला नाही. "लग्नाला. लग्नाला नाही म्हणणारा माणूस किसवानीत जन्मायचाय."

तिच्या भाचीचं लग्न ठरलेलं होतं. ते पुढच्या वर्षी होतं, पण मासा अमावास्येच्या सुमारास वितो, म्हणून म्वानाईदीनं ते अलीकडे ओढलं, याच हंगामातल्या विणीच्या अमावास्येला आणलं. आणि गावात न करता आतल्या डोंगरावर, नवऱ्या मुलाच्या आजोळी ठेवलं. तिकडची लग्नं चांगली तीन-चार दिवस चालतात. बोकड, भात, गाणी, मेंदी. होड्या वर ओढल्या गेल्या, घरांना कड्या लागल्या आणि अख्खी किसवानी नटूनथटून डोंगर चढून गेली. शेजारणीनं नंतर जो धडा सगळ्या किनाऱ्यांना पाठवला, त्यात गावपळण नव्हती आणि लग्नही नव्हतं. तिनं एवढंच लिहिलं होतं की विणीच्या दिवसांत पाणी शांत करा. माणसं कशानं हलतील हे तुमचं तुम्ही शोधा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री, किसवानीत तेव्हा संध्याकाळ होती, माझा फोन वाजला. शेजारीण होती. "जुळ्या खाडीतून आवाज आला आहे. ऐकायचा आहे का?"

मी तो अंगणात मोठ्यानं लावला. आधी नुसतं पाणी. मग लांबवर एक गुरगुर, दुसरी, आणि मग एकदम सगळा थवा. नाना खुर्चीतून पुढे वाकले. आई ओल्या हातांनी बाहेर आली. किती वेळ ऐकत होतो ते सांगता येणार नाही, पण आईची चुलीवरची कढी उतू गेली.

"माझ्या कपारींनी काय केला नाय," नाना शेवटी म्हणाले. "पन माझ्या जिभेन केला."

परिषदेनं तो आवाज ऐकला आणि तलावांचा प्रस्ताव मागे ठेवला. कायमचा नाही, पण मागे ठेवला. आता किसवानीत दर विणीच्या हंगामात काही संध्याकाळी होड्या बंद असतात. दर वर्षी भाच्या कुठून आणणार? म्वानाईदीनं कळवलं की त्या कपारी ओहोटीला उघड्या पडतात, बायका त्यांवर बसून पायाचा चिखल धुतात आणि बसायला फार सोयीच्या आहेत. नानांनी हे गावात चार ठिकाणी सांगितलं.

या वर्षी पाटखोलला पुन्हा कौल मिळाला. निघायच्या सकाळी सगळं गाव रवळनाथाच्या देवळासमोर जमलं. गुरं हंबरत होती, पोरं कोंबड्यांमागे धावत होती. पाटखोलात पहिल्यांदाच साक्षीदारानं आधी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, "आमी तीन दीस गावात नाय. देवाचा काम आसा." नाना लाजले नाहीत. मीही पुण्याच्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं. दोघी तर यायला निघाल्या होत्या.

देवळाचा मानकरी बाबी घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलणं. तो एकेक मागणं मागतो आणि गाव हुंकार देतं.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरा गाव सोडून चललीत. तेंच्या घरादाराची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

"गुरावासराक, पोराटोराक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला आसात ता पदरात घी."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांबरोबर नाना म्हणाले आणि पुढे झाले. "बाबी, आनि एक गाव घे. किसवानी."

बाबी गोंधळला. "ता खंय इला?"

"दर्याच्या पल्याड."

"नाना, शिवेभायल्या गावाचा नाव आजवर घेतला नाय. देवाची शीव ठरलेली आसा."

"शीव जमनीक," नाना म्हणाले. "पाण्याक खंयची शीव?"

लोक कुजबुजले. बाबीनं देवाकडे पाहिलं, मग खाडीकडे. मी म्वानाईदीला निघायचा सोहळा दाखवायला फोन सुरू केला होता, तो माझ्या हातात तसाच होता. पलीकडे तिच्या भोवती बायका दाटीनं बसल्या होत्या. शेजारीण त्यांना सगळं सांगत असणार, कारण त्या एकदम पडद्याजवळ सरकल्या.

बाबीनं घसा साफ केला. "आनि बा देवा म्हाराजा, दर्याच्या पल्याड किसवानी गाव आसा. थंयच्या आयाबायांनी आमका खऱ्याची वाट दाखवल्यानी. तेंचो दर्यो भरलेलो ऱ्हवांदे, तेंच्या लेकराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा."

सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." मी फोन उंच धरला.

आणि त्या हुंकाराच्या मागोमाग, माझ्या हातातल्या फोनमधून, दर्यापलीकडच्या बायका एका सुरात हळूच म्हणाल्या, "आमीन."

शेजारणीनं त्याचं भाषांतर केलं नाही. बाबी घाडीनं ऐकलं आणि मान डोलावली. नानांनी टोपी सारखी केली, आईच्या हातातली कोंबडी काखेत घेतली आणि आम्ही सगळे गाव मोकळं करून निघालो.